परार्थानुमान आणि नोकरीची मुलाखत

नैयायिकांनीं अनुमानाचे दोन भेद सांगितले आहेत: स्वार्थ आणि परार्थ. डोंगरावर धूर दिसला व 'तेथें अग्नि असला पाहिजे' असें आपल्या मनाशीं ठरलें, हें स्वार्थानुमान. तीच गोष्ट शेजारच्या माणसास पटवून द्यावयाची झाली, म्हणजे तें परार्थानुमान. पहिल्यास शब्द लागत नाहींत. दुसऱ्यास प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पांच अवयवांचें वाक्य लागतें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हा भेद आम्ही वरच्या वर्गास सांगत असूं; मुलें तो कुतूहलानें ऐकत, आणि परीक्षेंत विचारला जात नाहीं असें कळतांच विसरून जात. तो कोल्हापुरांतील एका मुलीच्या पोटापाण्याशीं येऊन भिडेल, हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनीं असणार?

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या शिवाजी विद्यापीठाची संख्याशास्त्रांतील एम्. एस्सी. आहे. आंकड्यांच्या ढिगांतून अर्थ काढण्याची जी विद्या, जिला हल्लीं सर्वत्र डेटा अ‍ॅनालिसिस म्हणतात, ती तिची. बुद्धि तीव्र, कष्टांची तयारी. तरी तीन ठिकाणच्या मुलाखती देऊन ती हात हलवीत परत आली. तिच्या शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. बंधु कांहीं बोलत नसत, आणि तें न बोलणेंच तिला अधिक लागे. भावजयीनें 'एखादें चांगलें स्थळ आलें तर पाहावयास काय हरकत आहे?' असा सूर धरला होता. मुलीचें म्हणणें, एक वर्ष द्या. त्या वर्षाचे सात महिने उलटले होते.

एके दिवशीं ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "काका, लेखी परीक्षेंत मी कधीं मागें पडत नाहीं. पण मुलाखतीला समोर तीन-चार माणसें बसतात, आणि त्यांतल्या एकाला यांतलें कांहींच येत नसतें. तो म्हणतो, 'तुम्ही केलेलें काम मला समजेल असें सांगा.' तिथें माझें अडतें."

असा एक अनभिज्ञ गृहस्थ तेथें मुद्दाम बसवितात, हें आम्हांस प्रथम विचित्र वाटलें. मग त्यांतलें शहाणपण दिसलें. कारखान्याचा किंवा बँकेचा कारभार पाहणारा मनुष्य संख्याशास्त्री नसतो, आणि आंकडे काढावयाचे ते अखेर त्याच्यासाठींच. आम्ही म्हणालों, "आम्ही मॅट्रिक. पुढचें सगळें पाठशाळेंतलें. याहून अनभिज्ञ श्रोता तुला कोठें मिळणार? सांग पाहूं."

तिनें सांगितलें. गगनबावड्याच्या अंगास पडणारा पाऊस आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी यांचा संबंध तिनें अभ्यासला होता. आंकडे कोठून मिळविले, कोणते दिवस गहाळ होते, ते कसे भरून काढले, रिग्रेशन कोणतें लावलें, लॅग किती धरला, आर-स्क्वेअर किती आला, असें ती दहा मिनिटें बोलत होती. पंचगंगेच्या कांठीं साठांवर पावसाळे काढलेल्या माणसास पुराविषयींचें बोलणें कळूं नये, ही गोष्ट कांहीं साधी नव्हे!

तिचें शास्त्र निर्दोष होतें. सांगण्याचा क्रम तेवढा उलटा होता. ज्या क्रमानें काम केलें त्याच क्रमानें ती तें सांगे. विद्यार्थिदशेंत हीच संवय लागते, कारण तेथें परीक्षकास उत्तर ठाऊक असतें व तो रीत तपासतो. ज्यास उत्तरच हवें आहे त्याची तऱ्हा निराळी. नैयायिक प्रतिज्ञा, म्हणजे जें सिद्ध करावयाचें तें, सर्वांआधीं ठेवतात. आम्हीं तिच्याकडून तिचेंच काम पांच वाक्यांत वदवून घेतलें. तें असें: "वर घाटाकडे किती पाऊस झाला हें कळलें, तर कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावर पाणी केव्हां चढेल हें कांहीं तास आधीं सांगतां येतें. कारण तेंच पाणी नदीनें खालीं येतें आणि त्याला वाटेंत वेळ लागतो. मागच्या पावसाळ्यांत वर असा पाऊस झाला, तेव्हां इतक्या वेळानें पातळी चढली. आजहि वर तसाच पाऊस आहे. म्हणून सुतारवाड्यांतील मंडळींना दिवस मावळण्यापूर्वीं हलवावें." रिग्रेशन हा शब्द त्यांत कोठेंच आला नाहीं. कोणी विचारलाच, तर सांगावयास ती समर्थ होती.

दृष्टांत कोणता घ्यावा याविषयीं गौतमाच्या न्यायसूत्रांत एक मार्मिक लक्षण आहे. ज्या गोष्टीविषयीं सामान्य मनुष्य व परीक्षक या दोघांची समजूत सारखी असते ती दृष्टांत, असा त्याचा आशय. मुलाखतीच्या टेबलापलीकडे हे दोघेहि शेजारीं शेजारीं बसलेले असतात! राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा-पातळी आणि 43 फूट ही धोका-पातळी, हें कोल्हापुरांत भाजी विकणाऱ्या बाईसहि पाठ असतें. 2019 सालीं पाणी 55 फुटांच्या वर गेलें, 2021 सालीं 56 फुटांच्याहि वर. हे आंकडे येथें कोणास समजावून द्यावे लागत नाहींत. 43 या संख्येंत स्वतःचा कांहीं गुण आहे असें नव्हे. तिच्यामागें सामान माळ्यावर चढविणें, गुरें सोडणें, नातलगांकडे जाणें अशीं कामें उभीं आहेत, म्हणून ती कळते. पुण्या-मुंबईच्या गृहस्थास बंधारा ठाऊक नसेल. त्यास "नदीवर एक खूण आहे, तिच्यावर पाणी गेलें कीं घरें सोडावीं लागतात" एवढें सांगितलें, म्हणजे तोहि कोल्हापूरकर झाला.

नमुन्याचेंहि तसेंच. थोड्या लोकांस विचारून सगळ्यांविषयीं कसें बोलतां, ही शंका नेहमीं येते म्हणे. त्यास आमचा स्थालीपुलाकन्याय, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आहेच. मात्र तळचा भात करपून वरचा कच्चा राहूं शकतो, हें वाचक-भगिनी जाणतात. दूधसंस्थेंत फॅट पाहण्यापूर्वीं दूध ढवळून घेतात तें याचसाठीं. वरचेंच घेतलें तर साय येईल आणि भाव भलताच निघेल. 'रँडम सँपल' म्हणजे ढवळलेल्या दुधाचा नमुना, हें तिनें वहींत टिपून ठेवलें.

आंकडे समजावून सांगण्याची ही कला आपल्याकडे नवी नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले कागलच्या शाळेंत शिकले आणि कांहीं काळ येथील राजाराम कॉलेजांत होते. पुढें ते गणित शिकवीत. अंकगणिताचें पुस्तकहि त्यांच्या नांवावर आहे. 1897 सालीं, वयास एकतीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, लंडनमध्यें वेल्बी कमिशनपुढें हिंदुस्थानच्या खर्चाविषयीं त्यांची साक्ष व उलटतपासणी झाली. याहून कठीण मुलाखत कोणती असणार? पण आम्हांस अधिक शिकण्यासारखें वाटतें तें 26 मार्च 1902 चें त्यांचें अंदाजपत्रकावरील भाषण. सरकारी खजिन्यांत मोठी शिल्लक पडली होती आणि ती समृद्धीची खूण म्हणून मिरविली जात होती. ही शिल्लक हुंडणावळीची आहे, असें गोखल्यांनीं दाखविलें. हिंदुस्थानास दरवर्षीं विलायतेंत पौंडांत पैसा भरावा लागे. 1894-95 च्या सुमारास रुपया 13 पेन्सांवर उतरला होता, तेव्हां एका पौंडास सुमारें साडेअठरा रुपये पडत. तो 16 पेन्सांवर गेल्यावर पंधराच पडूं लागले. पौंडामागें साडेतीन रुपये वांचले, परंतु कर पूर्वीच्याच मानानें वसूल होत राहिले. घरभाडें कमी झालें, पण मिळवत्या मुलांकडून घ्यावयाची वर्गणी तेवढीच ठेवली, तर डब्यांत पैसे उरणारच. त्यावरून घर श्रीमंत झालें असें कोण म्हणेल? (हा दृष्टांत आमचा, गोखल्यांचा नव्हे.)

अशा भाषणांच्या तयारींत गोखल्यांस गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य असे. हे शिक्षणखात्यांतले मुख्याध्यापक. सरकारी अहवालांतील आंकड्यांवर त्यांची पकड विलक्षण. त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. शाळामास्तर म्हणून आम्हांस त्याची थोडी चुटपुट आहे, ती येथें नोंदवून ठेवतों.

त्यानंतरच्या वर्षीं, 1903 सालीं, मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. भाषण झालें म्हणून कर उतरला, असें म्हणण्याचा येथें मोह होतो. पण कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यानें फांदी मोडली असें ठरत नाहीं. यासच काकतालीयन्याय म्हणतात. भाषणाचा वांटा किती, हें निराळ्या पुराव्यानें पाहावें लागेल.

मुलीसहि आम्हीं याच जातीचा प्रश्न विचारला. "वर पाऊस ओसरला, तरी खालीं पातळी उतरली नाहीं, असें कधीं झालें काय?" ती क्षणभर गप्प राहिली. झालें होतें; पण तें बोलून दाखविलें तर काम कच्चें दिसेल, या भयानें मुलाखतींत ती तो भाग टाळीत असे. धुरावरून अग्नि ठरतो, अग्नीवरून धूर ठरत नाहीं, कारण मध्यें ओल्या सरपणाची उपाधि असते. तिच्या कामांतहि उपाधि होत्या. नृसिंहवाडीस कृष्णा तुडुंब असली, म्हणजे पंचगंगेचें पाणी पुढें सरकत नाहीं आणि कोल्हापुरांत पातळी अडून राहते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, तर हिशेब आणखी निराळा. हें तिला आमच्यापेक्षां कितीतरी अधिक माहीत होतें. तें कोणी विचारण्याची वाट न पाहतां आपण होऊन सांगावें, एवढेंच आम्हीं सुचविलें.

चौथी मुलाखत पुण्यास झाली. हिशेबखात्यांतील एका वयस्क गृहस्थांनीं तिला नेमकें विचारलें, "मग तुमचें गणित चुकतें केव्हां?" तिनें कृष्णेची गोष्ट सांगितली. गृहस्थ दत्तभक्त निघाले. पुराच्या दिवसांत वाडीचा दक्षिणद्वार सोहळा त्यांनीं पाहिला होता. पुढचीं दहा मिनिटें तेच दुसऱ्या परीक्षकांस नदीचें पाणी कसें अडतें तें समजावून देत होते.

तिला सहा महिन्यांच्या उमेदवारीवर जागा मिळाली आहे. पहिल्या पगारांतून कर्जाचा हप्ता तिनें स्वतः भरला. स्थळांचा विषय भावजयीनें तूर्त दूर ठेवला आहे. कायमचा सोडला असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. मुलगी दर रविवारीं फोन करून आठवड्याचें काम आम्हांस सांगते आणि जेथें आम्हांस कळत नाहीं, तेथें खूण करून तें पुन्हां लिहून काढते. गेल्या रविवारीं तिनें सरासरी व मध्यक यांतला भेद सांगितला, तो आम्हांस नीट कळला. प्रमाण विचलन अद्याप राहिलें आहे.