पिंजरा उशाशी नको

वाचकहो, एकाकी वार्धक्यात पाखराची सोबत किती मोलाची असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तरीही माझी एक चूक आपणांस सांगणे मला आवश्यक वाटते.

एका वृद्ध गृहस्थांचा ताप व कोरडा खोकला साधा समजून मी दोन आठवडे औषधे देत राहिलो. धाप लागली म्हणून घरी गेलो, तेव्हा त्यांच्या उशाशी बजरीगरच्या जोडीचा पिंजरा दिसला. घरात पक्षी आहे का, हे मी विचारलेच नव्हते!

पोपटाच्या कुळातील पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’चे जंतू फुफ्फुसांत शिरू शकतात. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो. वृद्धांत मात्र विलंब जिवावर बेतू शकतो.

म्हणून पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. तो रोज, मुखपट्टी लावून, ओल्या फडक्याने पुसावा. कोरडा झाडू नये. हे काम शक्यतो घरातील धडधाकट व्यक्तीने करावे. ताप-खोकला आल्यास डॉक्टरांना पक्ष्याविषयी आवर्जून सांगावे. आपला देशी हिरवा पोपट मात्र पाळूच नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

ते गृहस्थ बरे झाले. पशुवैद्यांनी पाखरांवरही उपचार केले. पिंजरा आता गॅलरीत असतो आणि सकाळच्या गप्पांसाठी खुर्चीच तिथे जाते.