पालेखची काळी डबी

तळहातावर मावेल एवढी एक काळी डबी. झाकणावर उधळलेले तीन घोडे, त्यांच्यामागे घसरगाडी आणि गाडीत चाबूक उगारलेला सारथी. घोड्यांच्या माना हंसासारख्या लांब व बाकदार, पाय ज्वाळेसारखे निमुळते, आयाळीतून सोन्याच्या केसाएवढ्या बारीक रेषा धावत गेलेल्या. चित्राच्या खालच्या काठाशी, भिंगाशिवाय सहज न वाचता येणारी सोनेरी अक्षरे : गावाचे नाव, वर्ष आणि चित्रकाराचे नाव.

प्रवासाहून आणलेली शोभेची वस्तू म्हणून ही डबी अनेक घरांच्या कपाटांत दिसते. तिच्यावरील रशियन अक्षरांत ‘पालेख’ असे असेल, तर तिची गोष्ट घोड्यांपासून सुरू होत नाही. ती देवाच्या प्रतिमांपासून सुरू होते. आजचा धागा त्या गावाचा आहे.

पालेख हे मॉस्कोच्या ईशान्येस, आजच्या इव्हानोवो प्रांतातील गाव. शेजारची मस्त्योरा व खोलुय ही गावे आणि पालेख, अशी तिन्ही पिढ्यानपिढ्या एकाच व्यवसायावर जगत होती : आयकॉन रंगवणे. लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढलेली ही पवित्र प्रतिमा केवळ चर्चमध्ये नसे. प्रत्येक शेतकऱ्याच्या झोपडीतही, आपल्याकडील देव्हाऱ्यासारख्या एका कोपऱ्यात ती असे. त्यामुळे मागणी अफाट होती आणि काम वाटून घेतलेले होते. चेहरे व हात रंगवणारा वेगळा. वस्त्रे, डोंगर, झाडे, इमारती रंगवणारा वेगळा. अक्षरे लिहिणारा आणखी कोणी. एकच प्रतिमा अनेक हातांतून फिरे आणि त्यांपैकी कोणाचेही नाव तिच्यावर सर्वसाधारणपणे येत नसे. प्रतिमा ज्याची, नाव त्याचे. रंगवणारा हा केवळ हात.

या हातांना प्रतिष्ठा नव्हती असे मात्र नाही. १८८२ मध्ये क्रेमलिनमधील ‘ग्रानोवितया पालाता’ या जुन्या दरबारी दालनाच्या भिंती नव्याने रंगवण्याचे काम पालेखच्या बेलोउसोव बंधूंनी केले. सूक्ष्म, लघुचित्रासारखी शैली ही पालेखची खूण होती. वीतभर फळीवर डझनावारी प्रसंग, प्रत्येक आकृती बोटाच्या पेराएवढी, आणि तरीही गर्दी झाल्याचे वाटत नाही. हे कसब पुढे त्यांच्या उपयोगी पडणार होते, ते कोणाच्या कल्पनेतही नसलेल्या कामासाठी.

येथे एक प्रचलित समज बाजूला ठेवणे आवश्यक आहे. ‘१९१७ ची क्रांती झाली आणि आयकॉनची कला संपली’ हे वाक्य वारंवार वाचावयास मिळते. ते अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मॉस्कोतील झाको आणि बोनाकेर यांच्या कारखान्यातून पत्र्यावर छापलेली आयकॉन स्वस्तात बाहेर पडू लागली होती. हाताने रंगवलेली प्रतिमा त्या किमतीत विकणे अशक्यच होते. अखेर १९०१ मध्ये झार दुसऱ्या निकोलसच्या आश्रयाखाली रशियन आयकॉनकलेच्या रक्षणासाठी एक समिती स्थापावी लागली. निकोदिम कोंदाकोव यांच्यासारखे मोठे कलेतिहासकार तिच्यामागे होते. म्हणजे पालेखच्या कारागिराला पहिला धक्का यंत्राने दिला, दुसरा राज्यक्रांतीने. पहिल्याने भाव पाडला. दुसऱ्याने बाजारच नाहीसा केला.

क्रांतीनंतर ‘बोगोमाझ’ हा जुना हिणकस शब्द अधिक बोचरा झाला. त्याचा अर्थ ‘देव फासणारे’. या देव फासणाऱ्यांनी शेती केली, लाकडी भांडी रंगवली, मिळेल ते काम पत्करले. त्यांच्यापैकीच इव्हान गोलिकोव हा एक. महायुद्धातून परतलेला, गरीब, नाटकांचे पडदे रंगवून पोट भरणारा. १९२० च्या दशकाच्या आरंभी तो मॉस्कोत गेला. तेथे त्याचा नातलग अलेक्झांडर ग्लाझुनोव हा आयकॉनकार राहत असे. मॉस्कोच्या हस्तोद्योग संग्रहालयात गोलिकोवने काळ्या चकचकीत डब्या पाहिल्या. त्या होत्या फेदोस्किनोच्या.

फेदोस्किनो हे मॉस्कोजवळचे गाव. कोरोबोव नावाच्या व्यापाऱ्याने १७९५ मध्ये तेथील उद्योगाचा पाया घातला. सैनिकी टोप्यांच्या पुढच्या झडपा करता करता तो तपकिरीच्या डब्यांकडे वळला. त्याचे तंत्र त्याने जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील श्टोबवासर यांच्या कारखान्यातून मिळवले. पुढे हा उद्योग त्याचा जावई लुकुतिन याच्या घराण्याकडे गेला. फेदोस्किनोचे चित्र तैलरंगांत असते, त्यात छायाप्रकाश असतो, कधी रंगाखाली शिंपल्याचा तुकडा किंवा धातूचा वर्ख चमकत असतो. एका वाक्यात सांगावयाचे तर ती युरोपीय चित्रकला आहे, डबीच्या आकारात बसवलेली. गोलिकोवला तसे रंगवता येत नव्हते. त्याला येत होती ती आयकॉनची रीत.

असे सांगतात की कोरी डबी मिळेना, म्हणून छायाचित्रे धुण्याच्या काळ्या तबकडीचा तळ त्याने चित्रासाठी वापरला. आख्यायिका असो वा घटना, तिच्यात एक सत्य आहे : आरंभी या माणसांकडे हाताशिवाय काहीही नव्हते.

आता थोडे डबीच्या घडणीविषयी, कारण ‘लाखेची डबी’ या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. युरोपीय भाषांतील ‘लॅकर’ आणि रशियनमधील ‘लाक’ हे शब्द मागे जात जात संस्कृत ‘लाक्षा’ला मिळतात. महाभारतातील लाक्षागृहाची लाक्षा तीच, बांगड्यांची व पत्रावरील मोहोरेची लाख तीच. ती किड्याचा स्राव आहे. जपान व चीनमधील प्रसिद्ध पेट्यांवरील लेप मात्र एका झाडाच्या चिकाचा असतो. पालेखच्या डबीवर मुळात यांपैकी एकही नसते; तेथे असते तेलापासून केलेले रोगण. शब्द भारतातून गेला, पदार्थ वाटेत बदलला.

डबी लाकडाची दिसते; ती असते पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवून साच्याभोवती गुंडाळतात, दाबतात, वाळवतात. मग तो सांगाडा गरम जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत अनेक दिवस भाजतात. बाहेर येते ती वस्तू लाकडासारखी कापता व घासता येते, मात्र लाकडासारखी हवेच्या ओलीने फुगत वा तडकत नाही. तिच्यावर तेल, तांबडी माती व काजळी यांचे अस्तर, त्यावर बाहेरून काळे आणि आतून बहुधा लाल रोगण. चित्र पूर्ण झाल्यावर पारदर्शक रोगणाचे थरावर थर चढतात आणि प्रत्येक थर भट्टीत वाळतो.

खरी अडचण चित्राचीच होती. आयकॉनची फळी पांढऱ्या खडूच्या अस्तराची असते. बलकातील पातळ रंगांमधून ते पांढरेपण झिरपते आणि प्रतिमा आतून उजळते. डबीची पार्श्वभूमी काळी. तिच्यावर तोच पातळ रंग टाकला तर तो विझून जातो. पालेखच्या चित्रकारांनी यावर शोधलेला उपाय साधा दिसतो, पण त्यात सारे कौशल्य आहे : आकृती असेल तेवढ्याच जागी आधी पांढऱ्या रंगाचा पाया द्यावयाचा, कोठे दाट, कोठे विरळ, त्यावर पारदर्शक रंग चढवावयाचे, उरलेला काळा रंग तसाच सोडून द्यावयाचा. तो काळा मग कधी रात्र होतो, कधी जमीन, कधी नुसता अवकाश. आयकॉनमध्ये प्रकाश आयता होता. डबीवर तो एकेक ठिपका करून ठेवावा लागला.

शेवटी सोने. वर्ख बोटाने डिंकात घोटून घोटून त्याचा रंग करतात, खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्याच्या रेषा ओढतात आणि मग लांडग्याच्या दाताने त्यांना झिलई देतात. ही रीत आयकॉनच्या काळापासूनची. संतांच्या वस्त्रांवर दिव्य तेज दाखवणाऱ्या त्या रेषा आता सारथ्याच्या सदऱ्यावर आल्या.

आणि केवळ रेषाच आल्या नाहीत. पालेखच्या डबीवरील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात, निसर्गात कोठेही न दिसणारे; ते आयकॉनमधील वाळवंटाचे डोंगर आहेत. लढाईतील भालाईत घोडेस्वाराच्या मागे सर्पासुराला मारणारा संत जॉर्ज उभा आहे. तीन घोड्यांच्या गाडीकडे पाहताना, अग्निरथातून स्वर्गी जाणाऱ्या एलिया संदेष्ट्याचे घोडे आठवल्याखेरीज राहत नाहीत.

५ डिसेंबर १९२४ रोजी सात जणांनी ‘प्राचीन चित्रकलेची सहकारी मंडळी’ स्थापन केली. गोलिकोव त्यांत होता. बाकानोव, मार्किचेव, दोघे कोतुखिन आणि दोघे झुबकोव होते. कलेतिहासकार अनातोली बाकुशिन्स्की यांनी त्यांना बळ दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या डब्यांनी पदक मिळवले. परकीय चलनाची गरज असलेल्या राजवटीच्या दृष्टीने यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नव्हते. ज्या हातांना देव फासणारे म्हणून हिणवले, त्यांचेच काम आता सोव्हिएत संघराज्याची शोभा म्हणून परदेशी जाऊ लागले.

याच टप्प्यावर एक गोष्ट घडली, जिची नोंद बहुतेक लेखांत ओझरतीच असते. चित्राखाली नाव आले. चेहरे एकाने, वस्त्रे दुसऱ्याने ही वाटणी मोडली. संपूर्ण चित्र एकाचे झाले आणि त्याची सही सोन्यात उमटली. गोलिकोवचे घोडे गोलिकोवचे म्हणून ओळखले जाऊ लागले; बाकानोवचा शांत, लोकगीतासारखा निसर्ग बाकानोवचा. शतकानुशतके निनावी राहिलेल्या गावाला देव गमावल्यावर चित्रकार मिळाले. हा लाभ की हानी, यावर वाद घालता येईल. परंतु ‘धर्माचे कवच काढून कला वाचवली’ एवढ्यावरच जे थांबतात, ते या सहीकडे पाहतच नाहीत. कलेबरोबर कलावंताची व्याख्याही बदलली होती.

मॅक्सिम गॉर्की हे पालेखचे मोठे पाठीराखे. येफिम विखरेव या तरुण लेखकाने तर आपले लेखन या गावालाच वाहिले आणि १९३५ च्या आरंभी पालेखमध्येच त्याचा मृत्यू झाला. १९३४ मध्ये ‘अकादेमिया’ प्रकाशनाने काढलेली ‘इगोरच्या मोहिमेची गाथा’ गोलिकोवने केवळ चित्रांनी सजवली नाही, तिचा मजकूरही हाताने लिहिला. १९३५ मध्ये गावात संग्रहालय उघडले.

पण नाव असणे म्हणजे दिसणेही होते. डब्यांवर आता लाल सैनिक, ट्रॅक्टर आणि सामूहिक शेतीचे प्रसंग मागितले जात होते, आणि जुन्या शैलीत नवा विषय रंगवला तरी ‘हा आयकॉनच आहे’ हा आरोप टळत नसे. खरे तर आरोप खोटा नव्हता. म्हणूनच तो धोक्याचा होता. गोलिकोव १९३७ मध्ये वारला. मंडळीच्या सात संस्थापकांपैकी एक आणि पुढे तिचा अध्यक्ष झालेला अलेक्झांडर झुबकोव त्या दशकाच्या अखेरच्या दमनसत्रात पकडला गेला आणि परतला नाही. मार्चमधील सोहळ्यात गावाला मिळालेले कौतुक आणि ही अटक यांत फार वर्षे गेली नव्हती.

शेजारची गावेही एव्हाना त्याच वाटेने आली होती : मस्त्योराने १९३१ मध्ये ‘प्रोलेतारी कला’ या नावाची मंडळी काढली, खोलुयने १९३४ मध्ये. युद्धानंतर परीकथा, पुश्किनची काव्ये, लोकगीते हे विषय पालेखमध्ये स्थिरावले. काही काम अप्रतिम झाले, काही नुसते गोड. निर्यातीसाठी ठरावीक घोडे पुनःपुन्हा रंगवले गेले. तथापि गावातील कलाशाळेमुळे बलक कालवणे, सोने घोटणे, पांढरा पाया घालणे या गोष्टी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिल्या. पुस्तकातून त्या शिकता येत नाहीत.

१९९१ नंतर सरकारी खरेदी व निर्यातीची घडी विस्कटली. पर्यटकांच्या बाजारात छापील चित्र चिकटवून त्यावर रोगण फासलेल्या नकली डब्यांचा पूर आला. सामान्य ग्राहकाला दोहोंतील फरक चटकन कळत नाही. यंत्राने पहिला धक्का पत्र्यावरील छापील आयकॉनमधून दिला होता, हे येथे आठवावे.

त्याच वर्षांत चर्च पुन्हा उघडली. भिंती रंगवावयास, प्रतिमा करावयास माणसे हवी होती, आणि ते काम येणाऱ्यांत डब्या रंगवणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे होती. आज पालेखमध्ये दोन्ही कामे चालतात, अनेकदा एकाच घरात. मेजावर एका बाजूस काळी डबी, दुसऱ्या बाजूस पांढऱ्या अस्तराची फळी. अंड्याचा बलक दोहोंसाठी एकाच वाटीत. डबी पूर्ण झाली की चित्रकार खालच्या काठाशी सोन्याने गाव, वर्ष आणि नाव लिहितो. आयकॉन पूर्ण झाली की तिच्या दर्शनी बाजूवर तो संताचे नाव लिहितो आणि कुंचला धुऊन ठेवतो.