गणेशखिंडीतली सावली

आमच्या वेळी पुणे विद्यापीठात पीएमटीच्या बसमधून उतरलं की पुढचं सगळं पायी. फाटकापासून जयकर ग्रंथालयापर्यंतची ती वाट कधी लांब वाटली नाही, कारण डोक्यावर सावली असायची. वाटेत कोणी ना कोणी भेटायचं, गप्पा लांबायच्या आणि पहिला तास बुडायचा! अर्थशास्त्रवाला मराठीवाल्याला ओळखायचा तो या रस्त्यामुळे.

ही सावली विद्यापीठाला वारशानं मिळाली. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामासाठी १८६४ ते १८७१ या काळात इथे, गणेशखिंडीत, बंगला उभा राहिला. तीच आजची मुख्य इमारत. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि ४११ एकरांचा हा परिसर हाती आला. इमारतीसमोर मोकळं हिरवळीचं मैदान, मागे दाट झाडी आणि मधून वळणं घेत जाणारे रस्ते. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या ऐषआरामासाठी केलेली ही आखणी पोराटोरांच्या कामी आली, याचा मला अजून आनंद होतो.

आता विभाग वाढले, वसतिगृहं वाढली. वाढायलाच हवी होती. पण जो तो दुचाकीवरून थेट विभागाच्या दारात उतरतो. वाटेतली भेट संपली. झाडांचीही गत बरी नाही: शहरभर त्यांच्या बुंध्यांना पेव्हर ब्लॉक भिडलेले दिसतात. वडाच्या मुळांनी ते उचलून धरलेले असतात आणि आपण मात्र फरसबंदी खराब झाली म्हणतो.

नवं बांधकाम म्हणजे नासाडीच, असं मात्र मुळीच नाही. याच आवारात वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आयुका या खगोलशास्त्र संस्थेची इमारत उभारली. काळ्या दगडी भिंतींच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं कुंड आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाईन यांचे पुतळे. तिथे मोकळी जागा आधी ठरवली आणि खोल्या तिच्याभोवती बसवल्या, असं वाटतं. पायरीवर बसलेला विद्यार्थी आणि शेजारून जाणारा शास्त्रज्ञ सहज बोलू लागतात.

विद्यापीठाच्या आवाराचा आराखडा करणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे: कागदावर आधी जुनी झाडं मांडा, त्यांच्या मुळांचा पसारा जेवढा तेवढं वर्तुळ आखा आणि त्यात कुदळ लागू देऊ नका. मग पायवाटा काढा, त्या सावलीतूनच. पावसाचं पाणी कुठून वाहतं ते एक पावसाळाभर बघा. इमारतींच्या जागा त्यानंतर ठरवा. वाहनतळ फाटकाशी ठेवा. आत पोरं चालतील.