चिंधीची भेंडी

आजोबा पूर्णेच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. क्वार्टरमागची दोन-चार खाटा मावतील एवढी जागा मात्र आजीची. तुळस, अबोली, कडीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला चमकुरा आणि थेट पत्र्यावर चढलेला दोडक्याचा वेल. आमची काळी माती पावसात पायाला धरून ठेवते, म्हणून शेडमधले जळके कोळशाचे खडे टाकून तिने मधून पायवाट केली होती. झाडांच्या बुडात मात्र ती कोळशाची राख तिला चालायची नाही. तिथे चुलीतलीच राख, तीही चाळून.

भेंडी हा तिचा खरा जीव. भेंडीवर हळद्या पडतो. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड तिथेच बसतं. १९८५च्या सुमारास परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगाला दाद न देणारं 'परभणी क्रांती' वाण आणलं. भेंडीच्या एका रानटी भावकीशी संकर करून ते काढलेलं. कुणीतरी त्याचं मूठभर बी आजीला आणून दिलं. हे वाण संकरित बियाण्यासारखं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. घरचं बी धरता येतं. आजीला विद्यापीठाची एवढी एकच गोष्ट पटली, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची होती.

बी धरायची तिची रीत ठरलेली. सगळ्यांत निरोगी झाड निवडायचं आणि त्याच्या भेंड्यांना लाल चिंधी बांधायची. त्या भेंड्या भाजीत जायच्या नाहीत, पाहुणा आला तरी. आम्ही पोरं जवळ गेलो की ओसरीवरून हाक यायची, "चिंधीच्या भेंडीला हात कामून लावायलास रे?" भेंडी झाडावरच वाळून तिच्या धारा उकलायला लागल्या की ती तोडायची. दोडका वाळला की कानाशी नेऊन हलवायची. आत बी खुळखुळलं तरच खाली उतरवायचा. मग बी राखेत घोळून कागदाच्या पुड्यांत. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पुडीला त्या त्या झाडाचं वाळलेलं पान दोऱ्याने बांधलेलं असे.

या पुड्या कुठवर गेल्या असतील याचा मला आजही अंदाज लागत नाही. मनमाड-सिकंदराबाद लाईन निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झाली. पुढे हिंगोलीकडचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. जंक्शनच्या कॉलनीत कुणी कायमचं राहत नाही. आज शेजारी असलेलं बिऱ्हाड उद्या अकोल्याला, परवा मुदखेडला. बदलीचं सामान बांधून झालं की बाई आजीकडे येऊन बसायची आणि उठताना पदराच्या गाठीत पुडी घेऊन जायची. वर्षा-दोन वर्षांनी उलट्या गाडीने कुणाच्या तरी हाती गंगाफळाचं नाहीतर वालाचं बी यायचं. पोस्टाला जमलं नसतं असं काम या बायकांनी केलं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

पुढे छोटी लाईन मोठी झाली, वाफेची इंजिनं गेली, कॉलनीतली वर्दळ ओसरली. आजी गेली ती ऐन उन्हाळ्यात, मृगाला थोडे दिवस असताना. तेराव्याला आलेल्या बायका काकूला बाजूला घेऊन हळूच विचारत होत्या, "म्हातारीनं बी ठेवलंय का गं?" काकूने होत्या तेवढ्या पुड्या वाटून टाकल्या. आजीनेही तेच केलं असतं, त्यामुळे त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

परभणी क्रांतीही आता पूर्वीइतकी हळद्यापुढे टिकत नाही. तरी ती मिळते. विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे. दरवर्षी त्या सुमारास परभणीत खरिपाच्या बियाण्यांची विक्री सुरू होते. पण तो पत्र्यावरचा लांब, गोडसर दोडका कुठल्याच दुकानात नाही. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतून तुमच्या आईने किंवा आजीने दोडक्याचं बी नेलं असेल आणि तो वेल अजून तुमच्या परसात असेल, तर यंदा एक दोडका वाळू द्या. बी न्यायला मी येईन.