जो आणि तो

इंग्रजी व्याकरण शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. या अवधीत विद्यार्थ्यांच्या असंख्य चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. त्यांपैकी एक चूक मात्र माझीच होती, असे आता मला वाटते.

आर्वीकडच्या एका खेड्यातला मुलगा वर्ध्यास आमच्या वर्गात होता. संबंधी सर्वनामांचा पाठ चालला होता. 'जो माणूस काल आला तो माझा मामा आहे,' याचे इंग्रजी करावयास मी सांगितले. तो उभा राहून निःशंकपणे म्हणाला, 'व्हिच मॅन केम यस्टर्डे, ही इज माय अंकल.' वर्ग हसला. मीही हसलो, इतकेच नव्हे, तर ते वाक्य फळ्यावर लिहून त्याभोवती मोठे वर्तुळ काढले. त्यानंतर वर्षभर तो वर्गात येई, पण तोंड म्हणून त्याने उघडले नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्या मातोश्री शेजारणीशी बोलताना म्हणाल्या, 'ज्याचं जळतं त्याला कळतं.' आणि मला एकाएकी ते वर्तुळ आठवले. आपल्या भाषेची रीतच ही! आधी 'जो'ने खूण सांगावयाची, मग 'तो'ने तिच्यावर बोट ठेवावयाचे. संस्कृतातील यद् आणि तद् यांची जोडी आपल्याकडे अशी नांदत आली आहे. इंग्रजीत माणूस आधी उभा राहतो, 'हू' त्याची ओळख मागाहून सांगतो आणि 'तो'ला जागाच उरत नाही. मुलगा चुकला खरा, पण नियमाने चुकला.

'माझा जो भाऊ नागपुरास असतो तो' असे म्हटले की, मला आणखी भाऊ आहेत हे ऐकणारास कळते. 'माझा भाऊ नागपुरास असतो. तो' असे म्हटले की तसे वाटत नाही. हाच भेद इंग्रजी लेखनात एका स्वल्पविरामावर अवलंबून असतो. जे मराठीत मुलाला उपजत येते ते त्याला परके म्हणून शिकविण्यात कोणते शहाणपण?

ज्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा ठराव झाला, त्याच वर्ध्यात मी मातृभाषेच्या वळणाला हसलो होतो! इंग्रजी शिकवावयाचे म्हणून मराठी वर्गाबाहेर ठेवलीच पाहिजे, असा माझा समज होता.

हल्ली मी मराठी वाक्य आधी फळ्यावर लिहितो. खूण कोणती, बोट कोणते, हे मुलांनाच विचारतो. मग 'माणूस' पुढे आणतो, 'जो'चा 'हू' करून त्याच्या मागे बसवितो आणि 'तो' पुसून टाकतो. मुलांना हे चटकन उमगते.

ज्या विद्यार्थ्याने मला हे शिकविले त्याला मात्र ते सांगावयाचे राहून गेले.