कोसाड ते बडोदा : दोन चिमणाबाई

कोसाड म्हणजे सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेलं गाव. आता गाव कसलं, शहरच म्हणा. इथे आपली खानदेशी मंडळी पुष्कळ. माझ्या बहिणीच्या घरी दिवसभर साड्यांना टिकल्या लावायचं काम चालतं. तिची मुलगी यंदा बारावी झाली, पुढे शिकायचं म्हणते आणि घरात मात्र स्थळाची बोलणी सुरू. "जरा बडोदा दाखवून आणते तिला," असं सांगून मी तिला बाहेर काढलं.

सकाळची लोकल धरली. सायण, कीम, अंकलेश्वर मागे पडलं. नर्मदेचा पूल आला तशी भाचीने हात जोडले. काय मागितलं, ते विचारलं नाही.

बडोद्याला आमच्या एक लांबच्या मावशी आहेत, त्या सोबत आल्या. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर दिसताच मी भाचीला ऐटीत सांगू लागले, "ही बघ, बायकांच्या शिक्षणासाठी झटलेली राणी!" मावशी हसल्या. हा टॉवर सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ, 1896 सालचा. त्या तंजावरच्या, 1885 मध्ये गेल्या. मी सांगत होते त्या दुसऱ्या चिमणाबाई. नाव तेच ठेवलं, म्हणून माझी फजिती!

या दुसऱ्या राणीसाहेब म्हणजे देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. 1885 च्या अखेरीस लग्न झालं तेव्हा वय तेरा-चौदाच. राज्यकारभार महाराजांच्या हाती. पण 1939 मध्ये महाराज वारेपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षं त्या बडोद्याच्या महाराणी होत्या, आणि नुसत्या मिरवायच्या नव्हेत. पडदा त्यांनी स्वतः सोडला. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर 1911 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, एका सहलेखकासोबत. बायकांना चार कामं शिकता यावीत म्हणून स्त्री उद्योगालय काढलं. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा याच. तिथला मुख्य विषय मुलींचं शिक्षण.

लक्ष्मीविलास राजवाडा बघताना भाची झुंबरांपेक्षा या गोष्टींकडेच कान देऊन होती. मग मावशींनी इंदिराराजेंची हकीकत काढली. राणीसाहेबांची ही एकुलती एक मुलगी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने 1911 साली स्वतः पत्र लिहून मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. आईवडील त्या लग्नाला गेले नाहीत.

"म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्या आईनेसुद्धा ऐकलं नाही?" भाची म्हणाली.

मावशी गप्प. मीही. खरं सांगते, मी तिला राणीचा आदर्श दाखवायला नेलं होतं, आणि तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. पण मला ती राणी त्यामुळे उलट जवळची वाटली. जगाला सांगणं सोपं, पोटच्या पोरीपाशी अवघड. माझी बहीण काही वेगळी नाही.

रात्री कोसाडला उतरलो. बहीण टिकल्यांचा डबा पुढ्यात घेऊन बसली होती. "काय पाहिलंत?" तिने विचारलं. भाचीने चप्पल काढली, आईशेजारी बसली, साडीचं दुसरं टोक मांडीवर घेतलं आणि इंदिराराजेंपासूनच सुरुवात केली.