बोटीचे भाडे आणि कामगाराची रजा

मुंबईचा कामगार समुद्राच्या काठाशी आयुष्य काढतो. पण समुद्रावर किती वेळा जातो? चौपाटीवर भेळ, गेटवेला फोटो आणि फार तर घारापुरीची लाँच. मोठ्या प्रवासी जहाजावर आपण जावे, हे आपल्या मनातच येत नाही. ते बड्या लोकांचे, असे आपणच ठरवून टाकलेले असते. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाच्या सहली मुंबईहून सुरू झाल्या. तेव्हापासून आमच्या वस्तीतही या विषयाची चर्चा होते. आम्ही कारकुनी करणारे, त्यात बी.कॉम. झालेले, म्हणून हिशोबाचा प्रश्न आमच्या दारात येतो. "किती लागतात हो?" असे लोक विचारतात. आमचे उत्तर ठरलेले आहे : किती ते नंतर पाहू, आधी सांगा, जाणार कधी?

वाचकहो, बोटीचा प्रवास आपल्या माणसांना नवा नाही. कोकणातून मुंबईला आलेली आपली कितीतरी कुटुंबे बोटीनेच आली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जायची. डेकवर वळकटी पसरायची, भाकरीचे गाठोडे उशाला घ्यायचे आणि रात्र काढायची. भाडे ठरलेले असे. पावसाळ्यात कोकणची बोट बंद राही. पुढे ती वाहतूक थांबली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर नव्या पिढीला बोट ठाऊकच राहिली नाही. याच मुंबई बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गोलमेज परिषदेला निघाले होते. तेव्हा समुद्र हा कोणा एकाचा नाही, एवढे मनाशी पक्के करून पुढचा हिशोब वाचावा.

आजच्या सहलीच्या जहाजाचे भाडे एस.टी.च्या तिकिटासारखे ठरलेले नसते. असे का, हे समजले की निम्मे काम झाले. कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे जहाज घ्या. फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने प्रथम चालू लागले. लांबी सुमारे २११ मीटर, केबिन सुमारे ८००. जहाज भरलेले असो वा अर्धे रिकामे, इंधन जळतेच. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सर्वांचा पगार द्यावाच लागतो. एखादी केबिन रिकामी ठेवून जहाज सुटले, तर त्या फेरीचे तिचे उत्पन्न कायमचे बुडाले. भाजीवाली संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात देते, त्याच न्यायाने कंपनी मंदीच्या तारखांना भाडे उतरवते. आणि ज्या दिवसांत सगळेच मोकळे असतात, त्या दिवसांत चढवते. म्हणजे भाडे ठरते ते इतरांच्या सुट्टीवर.

आता वर्षाचा हिशोब पाहू. नाताळ ते नववर्ष हा सर्वांत महाग आठवडा. त्याखालोखाल दिवाळी, मेची सुट्टी आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कोणतीही सुट्टी. स्वस्ताई शोधायची तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा पाहावा, मात्र २६ जानेवारीचे दिवस सोडून. फेब्रुवारी आणि मार्चचा आरंभ पाहावा. तेव्हा घरोघरी परीक्षांची तयारी चालते आणि लोक बाहेर पडत नाहीत. या दिवसांत समुद्रही बहुधा शांत असतो. कोणत्याही महिन्यात सोमवार ते गुरुवारची फेरी शुक्रवार ते रविवारच्या फेरीपेक्षा सहसा स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावी. पितृपक्षाच्या पंधरवड्यात पुष्कळ लोक खरेदी, शुभकार्य, सहल टाळतात. आपल्याला तो अडसर नाही. त्या पंधरवड्यात चौकशी करून पाहावी. जिथे गिऱ्हाईक कमी, तिथे भाव बोलता येतो. फक्त सप्टेंबरात समुद्र पुरता निवलेला नसतो. ज्यांना बोट लागते त्यांनी चार पैसे जास्त देऊन फेब्रुवारीच धरावा.

स्वस्त म्हणून भर पावसाची हौस मात्र करू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी. पण कोळीबांधवही सांगतात की हा दर्या खेळण्याचा नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजची जहाजे कितीतरी मोठी आहेत. तरीही २०२३ च्या पावसाळ्यात 'एम्प्रेस' जहाज मुंबई सोडून चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करीत होते.

हाच नियम जगभर चालतो. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळाही सुरू असतात, म्हणून तिथली भाडी तेव्हा उतरतात. अलास्काकडे मे आणि सप्टेंबर हे मोसमाच्या दोन टोकांचे महिने स्वस्त. ज्यांची मुले-भावंडे परदेशात नोकरीला आहेत, त्यांनी त्यांनाही हे कळवावे.

आता बुकिंग कधी करावे? इथे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिला प्रकार चौघांच्या कुटुंबाचा. एका केबिनमध्ये तिसरा आणि चौथा पलंग असलेल्या केबिन मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात. अशा कुटुंबाने चार ते सहा महिने आधी बुकिंग करावे. दुसरा प्रकार म्हणजे मुंबई, ठाणे, कल्याणकडचे दोघे नवरा-बायको, ज्यांना तारखेची अडचण नाही. त्यांनी सुटण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत भाव पाहत राहावे. उरलेल्या केबिन कधी कधी स्वस्तात निघतात. पण नागपूर, नांदेड, जळगावच्या वाचकांनी या शेवटच्या घडीच्या स्वस्ताईला भुलू नये. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. बोटीचे उशिरा वाचवलेले पैसे तत्काळच्या तिकिटात जातील. त्यांनी आधी बोट ठरवावी आणि ६० व्या दिवशी रेल्वे पकडावी.

जाहिरातीतील मोठ्या अक्षरांतला आकडा हा पूर्ण आकडा नसतो. तो बहुधा 'माणशी' असतो, आणि दोघांनी एक केबिन घेतली असे धरून असतो. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गाची बक्षिसी चढते. जहाजावरचे इंटरनेट, दारू, थंड पेये, किनाऱ्यावरची सहल यांचे पैसे बहुधा वेगळे. म्हणून बुकिंगवाल्याला एकच प्रश्न विचारावा : "घरातून निघून परत येईपर्यंत तुमच्याकडे एकूण किती भरायचे?" उत्तर कागदावर घ्यावे. तिकीट रद्द केल्यास किती कापणार, तेही विचारावे. तारीख जवळ येते तशी कपात वाढते. खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. ती घेण्यात काही कमीपणा नाही. जेवणघर तेच, डेक तोच, आणि सूर्य सर्वांना सारखाच दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशोब, जो कोणत्याही जाहिरातीत नसतो. समजा, दोघांचे शनिवार-रविवारच्या फेरीचे भाडे २६,००० रुपये आणि आठवड्यातल्या फेरीचे २०,००० रुपये आहे. वाचले ६,०००. पण दोघेही रोजंदारीवर असतील आणि रोज प्रत्येकी ८०० असेल, तर आठवड्यातल्या फेरीत तीन-तीन खाडे पडून ४,८०० रुपये बुडतील. शनिवार-रविवारच्या फेरीत एकेकच खाडा पडून १,६००. म्हणजे ३,२०० जास्त बुडाले आणि खरी बचत उरली २,८००. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. पण ज्याला पगारी रजा आहे, त्याची स्वस्ताई वेगळी. ज्याच्या रजेचे पैसे कापले जातात, त्याची वेगळी. म्हणून आधी रजेचा अर्ज लेखी द्यावा, मंजुरी घ्यावी आणि मगच पैसे भरावेत. मुलांची परीक्षाही पाहावी. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, भाऊबीज उरकल्यानंतरचे, शाळकरी मुलांच्या घरांना सोयीचे पडतात. गर्दी ओसरलेली असते आणि शाळा अजून उघडलेली नसते.

याच हिशोबाने आमच्या वस्तीतील चार कुटुंबांनी दहा महिने भिशी लावली आणि फेब्रुवारीतील सोमवारची मुंबई-गोवा फेरी धरली. कर्ज नाही, हप्ता नाही. आमच्यात एक सेवानिवृत्त गोदी कामगार होते. तीस वर्षे त्यांनी जहाजांवर माल चढवला-उतरवला. पण प्रवासी म्हणून शिडी चढण्याची ही पहिलीच वेळ. चढताना त्यांनी दोन्ही हात मोकळे सोडले आणि म्हणाले, "आज पाठीवर काही नाही, तर चालायलाच जमत नाही." आम्ही हसलो, मग सगळेच गप्प झालो.

जहाज सुटले तेव्हा उजव्या हाताला गेटवे मागे सरकत गेला, मग कुलाब्याच्या टोकाचे प्रॉन्ग्स दीपगृह, पुढे अंधारात खांदेरीचा दिवा. काका एकेका धक्क्याचे नाव मुलांना सांगत होते. ज्या मुंबईत आपण वर खिडकीकडे मान करून पाणी किती वाजता येणार ते विचारतो, ती मुंबई पाण्यावरून केवढी देखणी दिसते! सकाळी मुरगावला जुवारी नदीचे मुख दिसले. पण बायकांना विचाराल तर त्या दुसरेच सांगतील. आमच्या सौभाग्यवती आणि शेजारच्या ताई, ज्या चार घरची धुणीभांडी करतात, दुपारी बारापर्यंत डेकवर नुसत्या बसून होत्या. "कोणी हाक मारली नाही," एवढेच ताई म्हणाल्या. दोन रात्री ज्या बाईला चूल नाही, नळ नाही, कोणाच्या दारची घंटी नाही, तिच्या त्या विसाव्याची किंमत आम्हाला कोणत्याही खात्यात लिहिता आली नाही.

ज्यांना एवढाही खर्च झेपणार नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू आहे. हवामान पाहून सकाळी जावे, किनाऱ्यावर घरचा डबा खावा, संध्याकाळी परत यावे. मोठ्या सहलीसाठी मात्र या अनुक्रमाने चालावे : आधी रजा, मग तारीख, मग एकूण खर्च, मग भिशी आणि शेवटी बुकिंग. हा क्रम उलटा करून जो आधी जाहिरात पाहतो आणि मग रजा शोधतो, त्याला बोट नेहमी महागच पडते. आणि रजा मागताना मान खाली घालू नये. वर्षभर राबणाऱ्या माणसाने दोन दिवस समुद्र पाहणे ही चैन नव्हे.